गडद निळी फियाट, तीन रविवार आणि बंपरमधलं सोलापूर

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांकडे १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे. दादर हिंदू कॉलनी, तळमजल्याच्या जिन्याखालून थोडी पुढे, कव्हर घालून उभी असायची, सगळे तिला फियाटच म्हणतात आणि त्यात चूकही काही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनायची, १९७२ ला तिच्यावरचं फियाट जाऊन प्रेसिडेंट आलं आणि १९७४ ला पद्मिनी, म्हणजे प्रेसिडेंट हे नाव जेमतेम दोन वर्षं टिकलं. त्यामुळे काका 'पद्मिनी का?' विचारणाऱ्याला बॅज दाखवतात. तो बॅज मूळचा नाही, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्ट्सच्या ढिगातून शोधून आणलेला आहे, पण हे ते सगळ्यांना सांगत नाहीत.

तर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, खाली करायची तारीख आली. भाड्याच्या फ्लॅटला पार्किंग नाही, गाडी नाशिकला धाकट्या भावाकडे जाणार असं ठरलं. काकांनी मला विचारलं, "अगं, तू ते फोटो काढतेस ना, एक चांगला काढून दे, मोठा, छत्तीस बाय चोवीस, हॉलमध्ये लावायचाय." मी बँकेत काम करते, फोटो हौसेने, तेही बहुतेक पक्षी आणि देवळं. माझ्याकडे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा बॉडी, किट लेन्स १८-५५ आणि ५० एमएम एफ/१.८ एवढंच. मी म्हटलं गाडी काय, उभी राहते, हलत नाही, पक्ष्यांपेक्षा सोपीच. पुढचे तीन रविवार त्या वाक्याची किंमत मोजण्यात गेले, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

पहिला रविवार, सकाळी दहा, बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये. काकांनी आधीच्या दिवशी पॉलिश करून ठेवलेली, बोनेटवर हात फिरवला तर घसरतो असं. मी पिवळा कुर्ता घालून गेले होते हे महत्त्वाचं आहे. कंपाउंड अरुंद, मागे सरकून सरकून भिंतीला पाठ लागली तरी गाडी आणि मी यात पाच मीटर, मग काय, लेन्स २२ वर आणली की मावली. ऐंशीएक फोटो काढले, स्क्रीनवर छान दिसत होते, घरी मोठ्या मॉनिटरवर उघडले आणि एकेक दिसायला लागलं.

पहिलं म्हणजे गाडीचं नाक सुजलेलं. फियाट मुळात नाजूक, चौकोनी पण कोपरे गोल केलेली, जेमतेम ३.९ मीटर लांब, आणि माझ्या फोटोत पुढचा हेडलाइट पराती एवढा आणि डिकी आगपेटीएवढी. याला लोक लेन्सचं डिस्टॉर्शन म्हणतात पण दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे. तिरकस कोनातून पाच मीटरवर उभी राहिले की गाडीचं पुढचं टोक माझ्यापासून साडेतीन मीटरवर आणि मागचं साडेसहावर, म्हणजे जवळपास दुप्पट, मग पुढचं दुप्पट मोठं दिसणारच. बारा मीटरवर गेलं तर तेच साडेदहा आणि साडेतेरा होतात, फरक उरतो सव्वापटीच्या थोडा वर, आणि गाडी गाडीसारखी दिसते. ५० एमएमने गाडी आरामात मावायला साधारण तेवढंच अंतर लागतं. हिशोब साधा आहे, तो मी फोटो काढायच्या आधी करायला हवा होता.

दुसरं जास्त वाईट. डाव्या पुढच्या दरवाजावरच्या प्रतिबिंबात वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची, तिच्यामागे कुणाची तरी अॅक्टिव्हा, वर दुसऱ्या मजल्याची दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेला गाऊन, आणि मधोमध एक पिवळा ठिपका, तो मी. बंपरमध्ये तर पूर्ण बिल्डिंगच होती, वाकलेली, चारही मजले, गॅलरीत उभ्या जोशीकाकूंसकट. मी तिथे उभी असताना यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. डोळा गाडी बघतो, प्रतिबिंब गाळून टाकतो, कॅमेरा गाळत नाही. पांढरी गाडी असती तर इतकं जाणवलं नसतं, पांढऱ्या रंगावर आपण सावली वाचतो, त्यावरून आकार कळतो. गडद निळ्या किंवा काळ्या गाडीचा रंग असा दिसतच नाही, दिसतो तो आजूबाजूचा परिसर, आणि काकांनी पॉलिश करून तो आरसा आणखी स्वच्छ करून ठेवला होता.

मग मी जे सगळे करतात ते केलं, म्हणजे सामान विकत घेतलं. बाराशेचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे प्रतिबिंब कमी करणारा लेन्सवरचा फिल्टर आणला, दुसऱ्या रविवारी संध्याकाळी परत तेच कंपाउंड. (कपडे वाळत घालू नका म्हणून दुसऱ्या मजल्यावर सांगून आले, त्यांनी ऐकलं नाही.) फिल्टर फिरवला की पुढच्या काचेवरचं आभाळ गेलं आणि आतलं स्टीअरिंग, त्याच्या दांड्यालाच लागलेला गिअर, सोफ्यासारखी सलग पुढची सीट हे सगळं एकदम दिसायला लागलं, ते बघून मला वाटलं झालं काम. काकांनी मागून डोकावून बघितलं आणि म्हणाले, "काच फोडलीस का काय." पण दरवाजावर तो प्रकार नीट चालेना. वरच्या भागातलं प्रतिबिंब गेलं, खालचं तसंच, मधे ढगासारखा पॅच. आणि बंपरवर, ग्रिलवर, हेडलाइटच्या रिंगवर तर काडीचा फरक नाही.

कारण घरी आल्यावर वाचलं, वाचलेलं अकरावीला शिकलेलंच होतं. काच, रंग, पाणी यांच्यावरून परतणारा प्रकाश एका ठराविक कोनात जास्तीत जास्त पोलराइज होतो, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत हलतात, पृष्ठभागापासून मोजलं तर साधारण पस्तीस अंशाला, आणि फिल्टर तेवढाच अडवू शकतो. फियाटचा दरवाजा वरून खाली वळलेला, मग प्रत्येक इंचाचा कोन वेगळा, एका जागी बसतो दुसऱ्या जागी नाही, म्हणून पॅच. आणि क्रोम म्हणजे धातू, धातूवरून येणारं प्रतिबिंब तसं पोलराइज होतच नाही, फिल्टर दिवसभर फिरवत बसा. वर मागच्या टफन्ड काचेवर जांभळट निळे डाग आले, तो काच कडक करताना तिच्यात राहिलेला ताण आहे, एरवी दिसत नाही, पोलरायझरमधून दिसतो. फिल्टर वाईट नाही, फक्त मी त्याला जे काम दिलं ते त्याचं नव्हतं.

त्या आठवड्यात एक रात्र एडिटिंगमध्येही घालवली. आजकाल बोटाने गोल काढला की एआय इरेजर वस्तू गायब करतो, दोरी आणि गाऊन खरंच गेले. खुश होऊन झूम केलं तर ग्रिलच्या आडव्या पट्ट्या एके ठिकाणी वितळून एकमेकीत मिसळलेल्या, आणि दरवाजाच्या हँडलला एक जास्तीचं वळण आलेलं जे त्या गाडीला कधीच नव्हतं. इन्स्टाग्रामवर कुणाला कळलं नसतं. पण हा फोटो ज्या माणसाच्या भिंतीवर जाणार त्याने त्या ग्रिलची प्रत्येक पट्टी टूथब्रशने घासलीय, त्याला एका सेकंदात कळलं असतं. तो रस्ता तिथेच सोडला.

इथपर्यंत आल्यावर प्रश्न बदलला. आधी मी विचारत होते की प्रतिबिंब घालवायचं कसं, आता विचार असा की प्रतिबिंब येणारच आहे तर कशाचं यावं. म्हणजे गाडीसाठी जागा शोधायची ती फोटोत मागे काय दिसेल हे बघून नाही, कॅमेऱ्याच्या पाठीमागे आणि गाडीच्या डोक्यावर काय आहे हे बघून. हे एकदा डोक्यात शिरलं की शहर वेगळंच दिसायला लागतं, मी बसमधून जाताना लोकांच्या गाड्यांच्या दरवाजात काय दिसतंय तेच बघायचे.

काकांची पहिली पसंती कुर्ला होती. गाडीचा जन्म तिथला, कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, रस्त्याचं नाव अजून प्रीमियर रोड, त्या पाटीखाली फोटो काढू म्हणाले. कल्पना मलाही आवडली, म्हणून शनिवारी एकटी जाऊन बघून आले. काचेच्या इमारती, खिडक्यांच्या चौकटी, होर्डिंग, रिक्षा, हे सगळं निळ्या रंगावर चेक्सच्या शर्टासारखं उतरलं असतं. नाही म्हटलं. ते थोडे नाराज झाले.

मी सुचवलं बॅलार्ड इस्टेट. दक्षिण मुंबईतला, पहिल्या महायुद्धाच्या काळात वास्तुविशारद जॉर्ज विटेटने आखलेला परिसर, सगळ्या इमारती साधारण एका उंचीच्या, दगडी, राखाडी-पिवळसर, काच कमी, रंगीत पाट्या कमी, आणि ऑफिसांचा भाग असल्याने रविवारी पहाटे रस्ते रिकामे. मला दगड हवाच होता. दोन बाजूंना उंच दगडी भिंती असल्या की वर आभाळाची एकच लांब पट्टी उरते, ती पट्टी गाडीच्या टपावर, बोनेटवर आणि दरवाजाच्या वरच्या कडेवर एक सलग उजळ रेघ म्हणून उतरते, आणि खालचा भाग समोरच्या दगडाने शांत गडद राहतो. स्टुडिओवाले हजारो रुपयांचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे कापडाने झाकलेला मोठा मऊ दिवा टांगून हेच करतात.

तिसरा रविवार, डिसेंबरचा पहिला. काळा कुर्ता, काळी सलवार. पाच वाजता काकांच्या दारात. चोक ओढला, पहिल्यांदा नुसती घरघर, दुसऱ्यांदा पण, तिसऱ्यांदा १०८९ सीसीचं ते इंजिन सुरू झालं आणि सगळ्या कंपाउंडमध्ये पेट्रोलचा वास. काका म्हणाले, "हिला उठायला वेळ लागतो, माझ्यासारखीच." पी डीमेलो रोडने गेलो. माझ्या बाजूची त्रिकोणी काच उघडून दिली होती, तिच्यातून गार वारा बरोबर गळ्यावर येतो, एसी नसलेल्या गाडीत इतकं नेमकं डिझाइन मी अजून बघितलं नाही.

पोचलो पावणेसहाला, अंधार होता, तिथलं ब्रिटानिया अँड कंपनी हे इराणी हॉटेल अर्थातच बंद, एक कुत्रा आणि आम्ही. गाडी लावली, स्टीअरिंग कॅमेऱ्याच्या उलट दिशेला वळवून घेतलं म्हणजे पुढच्या चाकाचा टायर नाही तर रिम समोर येतो, ट्रायपॉड बारा पावलं मोजून लावला, पावलं माझी छोटी म्हणून आणखी तीन. कॅमेऱ्याची उंची हेडलाइटच्या पातळीला. उभ्याने काढलेला फोटो हा माणसाने वरून खाली बघितलेला असतो, त्यात गाडी खेळण्यातली वाटते.

मग लक्षात आलं की रस्त्यावरचे दिवे चालू आहेत आणि टपावर त्यांचे सहा पांढरे ठिपके ओळीने बसलेत. त्यांना काही करता येत नाही, वाट बघायची. साधारण पावणेसातला दिवे गेले आणि टपावर एकदम ती रेघ आली, टपाच्या कडेने सुरू होऊन डिकीपर्यंत, मधे कुठेही न तुटता. काकांनी पण बघितली. काही बोलले नाहीत, शर्टाच्या बाहीने आरसा पुसला, जो स्वच्छच होता.

लेन्सचं छिद्र एफ/८, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १००, शटर एक सेकंदापासून सुरुवात, उजेड वाढेल तसं कमी करत, दोन सेकंदाचा टायमर लावून बाजूला व्हायचं म्हणजे दरवाजात मी नको. पोलरायझर बॅगेतच ठेवला, तो आधीच कमी असलेल्या उजेडातला निम्म्याहून जास्त खातो.

आता बंपर. रंग छान आला, बंपरचा खालचा भाग मात्र मिट्ट काळा, कारण त्याला दिसत होता तो डांबरी रस्ता. क्रोमला स्वतःचा रंग नसतो, जे समोर ठेवाल ते. मी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की एक मोठी चादर आणा, रस्त्यावर फ्रेमच्या बाहेर पसरू, खालून उजेड उसळेल. काकांनी पिशवीतून काढली ती सोलापुरी. लाल, काठाला मोरांची नक्षी. मी पांढरी म्हणाले नव्हते, चूक माझीच. तरी पसरून बघितली, आणि बंपरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लालभडक पट्टा, झूम केलं तर त्यात उलटे मोर. काका इतके हसले की ट्रायपॉडला धक्का लागला. तो फोटो मी डिलीट केलेला नाही.

शेवटी उपाय डिकीतच होता, गाडीचं कव्हर, चंदेरी, वरून फिकट झालेलं. ते घडी न करता सरळ अंथरलं, सुरकुत्या काकांनी वाकून ताणल्या. बंपरला खाली एक मऊ राखाडी उजाळा आला, ग्रिलच्या पट्ट्या एकेक सुट्या झाल्या आणि चाकावरच्या कमानीतला काळोखही थोडा निवळला. फुकटात.

एवढ्यात एक सिक्युरिटीवाला आला. मोबाइलने काढा, ट्रायपॉड नाही चालणार, परमिशन दाखवा. हौशी माणसाकडे परमिशन कुठून येणार, आणि गंमत म्हणजे तोच कॅमेरा हातात धरला तर त्याला चालणार होता. काकांनी वाद घातला नाही, त्याला गाडीत बसवलं. पण या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली, सूर्योदय ६:५५ च्या आसपास, माझा जीव वरखाली, कारण मी वाचलं होतं की सूर्य उगवला की संपलं. तसं झालंच नाही. समोरच्या इमारती उंच, सूर्य उगवूनही रस्त्यावर ऊन यायला साडेसात वाजले, तोवर उजेड मऊच, उलट जास्त. म्हणजे आपली खरी वेळ रस्त्यावरचे दिवे गेल्यापासून इमारतीवरून ऊन उतरेपर्यंत, घड्याळातला सूर्योदय बाजूला ठेवा. मग हातात धरून, आयएसओ ८००, एफ/५.६, १/१२५, भिंतीला टेकून, खाली बसून. भिंतीवर गेलेला फोटो ७:०४ चा आहे, म्हणजे ट्रायपॉड गेल्यानंतरचा.

निघताना एक काळी-पिवळी थांबली, वॅगनआर. ड्रायव्हर पन्नाशीचा, उतरला, बोनेटवर तळहात ठेवला, म्हणाला, "पहले यही चलाता था." मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झाली होती, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर नाही. त्याचा फोटो काढायला हवा होता, मी सामान भरत बसले.

एक वाद उरला, नंबरप्लेट. एक एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची झाल्यावर काकांनी ती लावली, आणि १९७३ च्या क्रोमखाली ती पांढरी चकचकीत पाटी, होलोग्राम, कोपऱ्यात निळं आयएनडी, हे म्हणजे नऊवारीवर ऑफिसचं आयडी कार्ड. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, नंबरमध्ये व्हीए येतं, पण मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही आणि काका तिच्यातून प्लाझाजवळ भाजी आणायचे, त्यामुळे त्यांनी ते केलं नाही. माळ्यावर जुनी काळी प्लेट आहे, पांढऱ्या अक्षरांची, हाताने रंगवलेली. "कॉम्प्युटरवर ही लाव," म्हणाले. मला जमलंही असतं. पण एआयच्या ग्रिलला नाही म्हणून प्लेटला हो म्हणायचं मला पटेना. म्हटलं, काका, गाडी आज आहे तशी राहू दे, जुन्या प्लेटचा वेगळा क्लोजअप काढून देते. दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत, मग प्लेट घेऊन स्वतःच आले. ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली की ब्रशचे फटके दिसतात, चारच्या आकड्याला पेंटरचा हात जरा घसरलाय. खरं सांगायचं तर मला तो फोटो गाडीच्या फोटोपेक्षा जास्त आवडतो.

छत्तीस बाय चोवीसला ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला १६६ येतात, प्रिंटवाल्याने तोंड वाकडं केलं, त्याला ३०० हवे होते. भिंतीवरचा फोटो कुणी नाक लावून बघत नाही म्हटलं, मॅट कागदावर काढून घेतला, ग्लॉसी घेतला असता तर त्याच्यात पुन्हा ट्यूबलाइट दिसली असती. आयएसओ ८०० चा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, शोधूनही सापडला नाही. बंपरच्या डाव्या टोकाला तांदळाएवढी काळी आकृती आहे, खाली बसलेली, ती मी, बारा मीटरवरून एवढंच उरलं.

गाडी गेल्या महिन्यात नाशिकला गेली, काका स्वतः चालवत, कसाऱ्याला दोनदा थांबून. प्रिंट भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, पण लावलेला नाही. मालकाने अॅग्रीमेंटमध्ये लिहून घेतलंय की भिंतीला खिळा मारायचा नाही, त्यामुळे तो सोफ्याच्या मागे जमिनीवर उभा आहे आणि समोरून फक्त टप आणि ती रेघ दिसते.